वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन अभ्यासक्रमात मदत कुठवर आणि कॉपी कुठून?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून आली असून त्यांचा विषय एकच आहे. विद्यार्थी, पालक आणि प्राध्यापक अशा तिन्ही बाजूंनी तो विचारला गेल्यामुळे इतर पत्रे पुढच्या अंकासाठी ठेवून हे सदर संपूर्णपणे याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या महाविद्यालयांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून ऐरोलीला राहते. आमच्या महाविद्यालयाने ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील बारा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम श्रेयांकांसाठी (क्रेडिट्ससाठी) घ्यायला सांगितला आहे. आम्ही वर्गमैत्रिणींनी त्यासाठी व्हॉट्सॲपवर ग्रुप केला. सुरुवातीला त्यावर शंकांची चर्चा व्हायची. आता दर आठवड्याला कोणीतरी प्रश्नक्रमांक आणि त्यापुढे पर्याय अशी यादी टाकते आणि बाकीच्या जणी ती पाहून उत्तरे भरतात. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्या असाइनमेंट पूर्ण होते. मला हे खटकते, पण ग्रुप सोडला तर चर्चाही जाईल. एकत्र अभ्यास आणि कॉपी यांतली सीमा नेमकी कुठे मानायची? — एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : एकत्र बसून अभ्यास करण्यात काहीही गैर नाही, हे आधी स्पष्टपणे सांगते, कारण कॉपीच्या भीतीने चर्चाच बंद करणे हा विद्यार्थ्यांचा फार मोठा तोटा आहे. अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरी ट्राइसमन यांनी कॅल्क्युलस शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या सवयी जवळून पाहिल्या. जे विद्यार्थी आधी एकट्याने गणिते सोडवत आणि नंतर जमून एकमेकांची उत्तरे तपासत, अडलेल्या ठिकाणी एकमेकांना खोदून विचारत, ते पुढे गेलेले त्यांना दिसले; मेहनतीत कुठेही कमी नसलेले, पण पूर्णपणे एकट्यानेच अभ्यास करणारे विद्यार्थी मागे पडत होते. या निरीक्षणातला क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आधी स्वतः, मग सगळ्यांबरोबर. तुमच्या ग्रुपमधून यातला पहिला टप्पाच नाहीसा झाला आहे.

सीमा मी अशी मानते : प्रश्नाचा अर्थ काय, त्यामागची संकल्पना कोणती, ती पुस्तकात कुठे आली आहे, कोणती पद्धत लावावी आणि ती का लावावी, यांची चर्चा कितीही करावी, मात्र उत्तर ठरवताना आणि लिहिताना आपल्यासमोर दुसऱ्याचे उत्तर नसावे. समजा, क्रमवार लावलेल्या १,००० संख्यांच्या यादीत बायनरी सर्चने एखादी संख्या शोधायला जास्तीत जास्त किती तुलना कराव्या लागतील, असा सातवा प्रश्न आहे. ग्रुपवर ‘सातव्याचे उत्तर ब’ असा मेसेज आला, तर ती कॉपी आहे. ‘दर तुलनेनंतर यादी निम्मी होते हे लक्षात घे, एकच संख्या उरेपर्यंत किती वेळा निम्मी होईल ते मोज आणि शेवटच्या संख्येशी करायची तुलना विसरू नकोस’ असा मेसेज आला, तर ती मदत आहे. दुसरा मेसेज वाचणाऱ्या मुलीला अजून मोजायचे आहे, ती चुकूही शकते, आणि उद्या १,००० च्या जागी ५,००० आले तरी तिला उत्तर काढता येईल. पहिला मेसेज वाचणारीला फक्त एक अक्षर मिळाले आहे.

आता व्यावहारिक बाजू पाहू. तुमचा अभ्यासक्रम एनपीटेल या आयआयटी आणि आयआयएससी यांच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमातर्फे चालवला जात असेल, तर त्याची गुणपद्धती नीट वाचा. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बारापैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंटची सरासरी धरून तिला २५ गुण आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या देखरेखीखालील परीक्षेला ७५ गुण असतात. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० अशा दोन्ही अटी स्वतंत्रपणे पूर्ण कराव्या लागतात. म्हणजे चार आठवड्यांची असाइनमेंट पूर्ण फसली तरी ती हिशेबात धरली जात नाहीत, आणि उरलेल्या आठांमध्ये निम्म्याहून कमी गुण मिळाले तरी अट पूर्ण होते. चुकण्याची मुभा या पद्धतीतच ठेवलेली आहे. ती मुभा न वापरता सगळीकडे पैकीच्या पैकी गुण मिळवण्यासाठी याद्या फिरवल्या, तर केंद्रावर संगणकासमोर एकटीने बसायच्या वेळी ७५ गुणांची तयारी झालेली नसते. आपल्या वर्गातल्या किती जणींचे असाइनमेंटचे गुण उत्तम आणि परीक्षेचे गुण काठावरचे आहेत, हे निकालाच्या दिवशी तुमच्या तुम्हालाच दिसेल.

हे गुण किरकोळही नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमानुसार विद्यापीठाला एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून घेण्याची परवानगी देता येते आणि तिथले श्रेयांक गुणपत्रिकेत वर्गातल्या विषयांच्या बरोबरीने येतात. जी गोष्ट वर्गातल्या लेखी परीक्षेत करायला तुमच्या मैत्रिणी धजावणार नाहीत, तीच त्या लोकलमध्ये सहज करत आहेत, कारण फोनच्या पडद्यावर परीक्षा ही परीक्षेसारखी वाटत नाही. त्यांना वाईट मुली ठरवावे असे मला अजिबात वाटत नाही. सवय हळूहळू लागली आणि कोणीच काही बोलले नाही, एवढेच झाले आहे. ही अळीमिळी गुपचिळी तुम्ही मोडावी.

ग्रुप सोडण्याची घाई करू नका. मुदत संपेपर्यंत पर्यायांची यादी कोणी टाकायची नाही, शंका मात्र कधीही विचारायच्या, एवढा एकच नियम सर्वांसमोर मांडा. मुदत संपल्यावर एनपीटेल स्वतःच उत्तरे जाहीर करते, तेव्हा चुकलेल्या प्रश्नांवर मनसोक्त चर्चा करता येते आणि खरे शिकणे बहुधा तेव्हाच होते. आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष भेटणे जमले तर फारच चांगले. अभ्यासिकेत बोलता येत नाही, म्हणून कोणाच्या तरी घरी जमा. प्रत्येकीने आपली उत्तरे आधी कागदावर लिहून आणावीत आणि जिथे दोघींची उत्तरे वेगळी आली असतील तेवढ्याच प्रश्नांवर बोलावे. सगळ्यांना हे पटणार नाही. ज्या तीन-चार जणींना पटेल, त्यांचा वेगळा ग्रुप करा. महाविद्यालयाकडे तक्रार करण्याचे बंधन मी तुमच्यावर घालणार नाही. पण चौकशी झाली आणि विचारले गेले, तर खरे सांगावे. आणि स्वतः यादी टाकण्याची वेळ आली, तर निक्षून नाही म्हणावे. उत्तर देणारी आणि घेणारी या दोघी नियमाच्या दृष्टीने सारख्याच जबाबदार असतात.

प्रश्न : मी घणसोलीला राहतो आणि महापे येथील एका कंपनीत नोकरी करतो. वयाच्या पंचेचाळिशीत एका परदेशी संकेतस्थळावर डेटा विश्लेषणाचा अभ्यासक्रम घेतला आहे. क्विझमध्ये अडलो की दुसऱ्या ईमेलने उघडलेल्या खात्यातून उत्तरे पाहतो, कधी एआयला विचारतो. यात कोणाचे नुकसान आहे? — एक नोकरदार वाचक

उत्तर : हे प्रमाणपत्र तुम्ही कोणाला दाखवणार आहात, यावर याचे उत्तर अवलंबून आहे. केवळ ज्ञानासाठी शिकत असाल, तर प्रमाणपत्राचा आग्रह सोडून व्याख्याने पाहा, सरावाचे प्रश्न हवे तसे सोडवा, अडले की उत्तर बघा. त्यात कोणालाही आक्षेप घेता येणार नाही. बढतीच्या अर्जाला ते प्रमाणपत्र जोडणार असाल, तर मात्र ‘हे काम माझे आहे’ असे तुम्ही लेखी सांगत आहात. उदाहरणार्थ, कोर्सेरा या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या परदेशी संकेतस्थळाच्या नियमांत एकाच व्यक्तीने एकच खाते ठेवावे आणि क्विझची उत्तरे स्वतःची असावीत असे स्पष्ट म्हटलेले आहे. तुमच्या संकेतस्थळाचे नियमही एकदा उघडून वाचा. दोन खात्यांची युक्ती तशी जुनीच आहे. हार्वर्ड आणि एमआयटी येथील संशोधकांनी २०१५ मध्ये नेमका याच पद्धतीचा अभ्यास मांडला. एका खात्यातून गोळा केलेली उत्तरे थोड्याच वेळात दुसऱ्या खात्यात येतात, आणि दोन्हींच्या वेळा ताडून पाहिल्या की अशा जोड्या ओळखता येतात, हे त्यांनी दाखवले.

एआयच्या बाबतीत माझे मत असे की न समजलेली संकल्पना त्याला समजावून सांगायला लावणे योग्य आहे. गुण मिळणाऱ्या क्विझचा प्रश्न जसाच्या तसा त्याला देऊन आलेले उत्तर भरणे योग्य नाही. काही अभ्यासक्रमांत यांतल्या पहिल्या प्रकारच्या वापरावरही बंदी असते, तिथे ती पाळावी.

प्रश्न : आम्ही ठाणे पश्चिमेला राहतो. माझी मुलगी एका संस्थेचा डेटा सायन्सचा ऑनलाइन पदविका अभ्यासक्रम करते आहे. तिने रात्री जागून एक प्रोग्राम लिहिला. मैत्रीण आजारी होती, मुदत संपत आली होती, म्हणून तिने ‘फक्त बघून घे’ म्हणत आपली फाइल तिला पाठवली. मैत्रिणीने व्हेरिएबलची (प्रोग्राममध्ये माहिती साठवणाऱ्या घटकांची) नावे बदलून तीच फाइल जमा केली. दोघींनाही शून्य गुण आणि नोटीस मिळाली. माझ्या मुलीने तर सगळे काम स्वतः केले होते. सुक्याबरोबर ओलेही जळावे, हा कुठला न्याय? शिवाय १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते असेही ऐकले आहे. — एक आई, ठाणे

उत्तर : तुमची कळकळ समजते आणि तुमची बाजू बऱ्याच अंशी मला पटते. तरीही आधी एक गैरसमज दूर करते. १० टक्क्यांची गोष्ट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांतून आली आहे. प्रबंध आणि शोधनिबंध यांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानून त्यासाठी शिक्षा ठेवलेली नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास सुधारित प्रबंध सहा महिन्यांच्या आत सादर करावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्षाची बंदी येते आणि त्याहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणी रद्द होते. हे माप लेखनासाठी आहे. वर्गातल्या प्रोग्रामच्या असाइनमेंटला ते लावता येत नाही, आणि लावले तरी तुमच्या मुलीच्या उपयोगाचे नाही, कारण दोन्ही फाइली जवळजवळ पूर्णपणे सारख्या आहेत.

नावे बदलूनही साम्य पकडले कसे गेले, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. ॲलेक्स एकन यांनी १९९४ मध्ये तयार केलेली ‘मॉस’ ही प्रणाली जगभरातील अनेक विद्यापीठांत यासाठी वापरली जाते. ती प्रोग्राममधील मोकळ्या जागा आणि व्हेरिएबलच्या नावांतील फरक बाजूला काढते, उरलेल्या मजकुराचे एकमेकांवर चढलेले छोटे छोटे तुकडे करते, प्रत्येक तुकड्याला गणिताने एक संख्या देते आणि त्यांतल्या निवडक संख्या दुसऱ्या प्रोग्राममधील संख्यांशी ताडून पाहते. त्यामुळे एखाद्या व्हेरिएबलचे नाव ‘टोटल’ऐवजी ‘बेरीज’ केले किंवा दोन भागांची जागा बदलली, तरी प्रोग्रामची घडण तशीच राहते आणि साम्य दिसते. शिक्षकांनीच सर्वांना दिलेला भाग यातून वगळता येतो. पण कोणी कोणाचे घेतले, हे असा अहवाल सांगत नाही. ते माणसांनी चौकशी करून ठरवायचे असते, आणि तुमच्या प्रकरणात नेमके तेच राहून गेलेले दिसते.

म्हणून मुलीने लेखी खुलासा द्यावा आणि त्यात काहीही लपवू नये. फाइल मी पाठवली, अमुक दिवशी अमुक वेळी पाठवली, मैत्रीण आजारी होती म्हणून पाठवली, असे सरळ लिहावे. ताकाला जाऊन भांडे लपवले, तर उरलेला विश्वासही जातो. काम तिचे होते हे दाखवण्यासाठी फाइलच्या आधीच्या आवृत्त्या, त्यांवरच्या तारखा व वेळा, अर्धवट राहिलेले प्रयत्न, कागदावरची टिपणे असे जे काही असेल ते जोडावे. आणि शेवटी ‘या प्रोग्राममधील कोणत्याही ओळीबद्दल मला प्रत्यक्ष विचारावे, मी समजावून सांगायला तयार आहे’ असे आवर्जून लिहावे. लेखिका कोण, हे ठरवण्याचा याहून खात्रीचा मार्ग माझ्या माहितीत नाही. लिहिणारीला प्रत्येक ओळ का आली हे सांगता येते. उतरवणारी दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच अडखळते.

पहिल्याच वेळी दोघींना सारखी शिक्षा देणे मला कठोर वाटते. उतरवून घेणारीने ‘हे माझे काम आहे’ असे खोटे सांगितले. तुमच्या मुलीने तसे काही केलेले नाही. पण ती पूर्णपणे निर्दोष आहे, असेही मी म्हणणार नाही. तयार फाइल मुदतीच्या तोंडावर अडचणीतल्या माणसाच्या हाती दिली, तर तिचे पुढे काय होईल हे तिला ठाऊक असणारच. त्या रात्री तिने मैत्रिणीला फोनवर पद्धत समजावून सांगितली असती, किंवा आजारपणाचे कारण देऊन मुदतवाढ मागायचा ईमेल तिच्याबरोबर बसून लिहिला असता, तर ती खरी मदत ठरली असती. आजारपणासाठी मुदतवाढ मागता येते, हेच मुळात मुलांना सुचत नाही, याचे मला वाईट वाटते.

हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘सीएस५०’ या संगणकशास्त्राच्या प्रसिद्ध अभ्यासक्रमात २०१४ पासून एक तरतूद आहे. गैरकृत्य केल्यापासून ७२ तासांच्या आत विद्यार्थ्याने स्वतःहून कबुली दिली, तर त्या कामाचे गुण जाऊ शकतात, पण प्रकरण सहसा विद्यापीठाच्या शिस्त समितीकडे पाठवले जात नाही. रात्री दोन वाजता घाबरून घेतलेला निर्णय सकाळी शुद्धीवर येऊन दुरुस्त करण्याची ही संधी आपल्याकडच्या संस्थांनीही द्यावी, असे मला मनापासून वाटते. तुमच्या मुलीच्या संस्थेत तशी सोय नसली, तरी खुलाशासोबत तशी विनंती करायला हरकत नाही. आणि एक सांगावेसे वाटते : त्या मैत्रिणीशी बोलणे बंद कर, असे मुलीला सांगू नका. दोघींनी एकत्र जाऊन खरे सांगितले, तर दोघींचेही प्रकरण लवकर मिटण्याची शक्यता अधिक आहे.

प्रश्न : मी नवी मुंबईतील एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. आमचा एक विषय पूर्णपणे ऑनलाइन आहे. ‘कॉपी करू नये’ अशी सूचना प्रत्येक असाइनमेंटवर असते. तरीही सारखीच उत्तरे येतात. विचारले तर ‘सर, आम्ही चर्चा केली होती’ असे सांगतात. सूचना कशी लिहावी? — एक प्राध्यापक

उत्तर : सर, ‘आम्ही चर्चा केली होती’ हे पुष्कळदा विद्यार्थ्यांचे प्रामाणिक उत्तर असते, कारण चर्चा कुठवर चालेल हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. २०१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात घरी सोडवायला दिलेल्या एका परीक्षेवरून सुमारे १२५ विद्यार्थ्यांची चौकशी झाली. त्या प्रश्नपत्रिकेवर पुस्तके, टिपणे आणि इंटरनेट सर्व काही वापरण्याची मुभा होती, पण कोणाशीही चर्चा करायला मात्र बंदी होती. एकीकडे सारे काही खुले आणि दुसरीकडे बोलायला मनाई, अशा सूचनेचा अर्थ आपण वेगळा लावला, असे अनेक विद्यार्थ्यांचे म्हणणे होते. तरीही निम्म्याहून अधिक जणांना काही काळासाठी विद्यापीठ सोडावे लागले. नियम मोडणाऱ्यांची जबाबदारी यामुळे कमी होत नाही, पण नियम लिहिणाऱ्याची वाढते.

म्हणून काय करू नये एवढेच न लिहिता काय करता येईल, हेही लिहावे, आणि ते प्रत्येक असाइनमेंटपुरते लिहावे. उदाहरणार्थ : ‘या असाइनमेंटमधील प्रश्नांवर वर्गातील कोणाशीही तोंडी चर्चा करता येईल. चर्चेत लिहिलेले कागद, फळ्याचे फोटो किंवा कोणाचीही फाइल उत्तर लिहिताना जवळ ठेवू नये. तयार उत्तर कोणालाही देऊ नये किंवा कोणाकडूनही घेऊ नये. शेवटी कोणाशी आणि कोणत्या प्रश्नावर चर्चा झाली, एआयची मदत घेतली असल्यास कशासाठी घेतली, हे दोन ओळींत लिहावे. असे लिहिल्यामुळे गुण कमी होणार नाहीत.’ शेवटचे वाक्य गाळू नका. मदतीचा उल्लेख केला की गुण कापले जातील, या भीतीनेच विद्यार्थी मदत लपवतात. आणि पहिल्या वेळी कोणी तसा उल्लेख केला, तर वर्गात त्याचे नाव घेऊन कौतुक करा.

चर्चेला असाइनमेंटमध्येच जागा देता आली, तर फार चांगले. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून वर्गात वापरलेली पद्धत तुमच्या विषयाला सहज लागू पडेल. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याशी चर्चा करायची आणि नंतर पुन्हा उत्तर द्यायचे. ऑनलाइन वर्गात हेच दोन टप्प्यांत करता येते : पहिले उत्तर मंगळवारपर्यंत, बदललेले उत्तर आणि बदलण्याचे कारण शुक्रवारपर्यंत. गुण कारणाला द्या. संख्याशास्त्रात आणखी एक सोय आहे. प्रत्येकाला वेगळी आकडेवारी देता येते. हजेरी क्रमांकाच्या शेवटच्या दोन अंकांवरून आकडे ठरवले, तर पद्धत सगळ्यांना एकच लागते, पण उत्तर प्रत्येकाचे वेगळे येते. मग विद्यार्थ्यांनी एकमेकांना पद्धत समजावून सांगितली, तर ते तुम्हालाही हवेच आहे.

प्रत्येक विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायला तुमच्याकडे वेळ नसणार, याची मला कल्पना आहे. तेव्हा दर असाइनमेंटनंतर चिठ्ठ्या टाकून पाच-सहा नावे काढावीत आणि प्रत्येकाशी व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटे बोलावे. ‘इथे मध्य (सरासरी) का घेतला, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या) का नाही?’ एवढा एक प्रश्नही पुरेसा असतो. कोणाची नावे निघाली हे आधी कळवू नये, पण अशी चिठ्ठी दर वेळी निघणार आहे, हे पहिल्याच तासाला सर्वांना सांगून ठेवावे.